विश्लेषण : नियोजन आयोगावरचा उडालेला विश्वास धनंजयराव गाडगीळांनी कसा परत मिळवला? धाराशिवच्या वाट्याला त्यातले काय आले?

जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा महाराष्ट्रातून चार नावे यादीत होती : नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि तेव्हाचे उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव. अशी यादी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. आपला जिल्हा मागे आहे हे दिल्लीने कशावरून ठरवले आणि ते ठरवून जिल्ह्याला नेमके काय मिळणार? साधारण ५० वर्षांपूर्वी देशातील राज्ये नियोजन आयोगाला जवळपास हेच विचारत होती, तेही बऱ्याच चढ्या आवाजात. त्या वेळी आयोगाची पत इतकी घसरली होती की पंचवार्षिक योजनाच थांबवावी लागली होती. ती पत सावरण्याचे काम पुण्याच्या एका अर्थशास्त्रज्ञाकडे आले. ते होते धनंजय रामचंद्र गाडगीळ. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या प्रत्येकाला गाडगीळ सूत्र पाठ असते. सूत्रामागचा माणूस मात्र फारसा कुणाच्या लक्षात नसतो.

१९६७ मध्ये आयोगावर विश्वास का उरला नव्हता?

नियोजन आयोगाची स्थापना १५ मार्च १९५० रोजी मंत्रिमंडळाच्या एका ठरावाने झाली. राज्यघटनेत त्याचा उल्लेख नव्हता, संसदेचा कायदाही नव्हता. तरी पहिली १५ वर्षे आयोगाचा दबदबा मोठा होता. पंतप्रधान अध्यक्ष, महत्त्वाचे मंत्री सदस्य आणि राज्यांच्या विकासाच्या पैशाची किल्ली हातात.

मग एकामागून एक तडाखे बसले. १९६२ चे चीन युद्ध, १९६५ चे पाकिस्तान युद्ध, १९६५-६६ आणि १९६६-६७ असे सलग दोन वर्षांचे दुष्काळ. तिसऱ्या योजनेने वाढीचे जे उद्दिष्ट ठेवले होते, त्याच्या जवळपास निम्मेच गाठले गेले. १९६६ मध्ये सुमारे १ कोटी टन धान्य परदेशातून आणावे लागले. त्याच वर्षी ६ जूनला रुपयाचे अवमूल्यन झाले आणि ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका रात्रीत साडेसात रुपयांना गेला. ऑगस्टमध्ये चौथ्या योजनेचा आराखडा छापून आला खरा, पण त्यातले आकडे शाई वाळण्याआधीच जुने झाले होते. तो बाजूला ठेवावा लागला. पुढची तीन वर्षे देश वार्षिक योजनांवर चालला. त्यालाच योजनेची सुट्टी असे उपहासाने म्हटले गेले.

फेब्रुवारी १९६७ च्या निवडणुकीने राजकीय चित्रही बदलले. मद्रासमध्ये अण्णादुराई, केरळमध्ये नंबुद्रिपाद, ओरिसात स्वतंत्र पक्षाचे सिंगदेव असे मुख्यमंत्री आले. तोपर्यंत केंद्रात आणि बहुतेक राज्यांत एकाच पक्षाचे सरकार होते, त्यामुळे वाटपाचे भांडण पक्षाच्या बैठकीत मिटायचे. आता ते चव्हाट्यावर आले. आमच्या राज्याला इतकेच का, त्यांना तितके का, या प्रश्नाला आयोगाकडे सांगण्यासारखे उत्तर नव्हते. प्रशासकीय सुधारणा आयोगानेही त्याच वर्षी सुचवले की नियोजन आयोग तज्ज्ञांचा असावा आणि मंत्र्यांनी त्याचे सदस्य असू नये.

सप्टेंबर १९६७ मध्ये आयोगाची फेररचना झाली. पंतप्रधान इंदिरा गांधी अध्यक्ष आणि उपाध्यक्षपदी गाडगीळ. त्यांचे वय तेव्हा ६६ होते.

हे गाडगीळ नेमके कोण?

इथे एक गोंधळ आधी दूर करायला हवा. केंद्रीय मंत्री आणि पंजाबचे राज्यपाल राहिलेले काकासाहेब गाडगीळ वेगळे. पश्चिम घाटाचा अहवाल देणारे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हे धनंजयरावांचे पुत्र. त्यामुळे गाडगीळ समिती असे शोधले की कधी वडिलांचे, कधी मुलाचे काम समोर येते.

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ चा. शिक्षण नागपुरात आणि पुढे केंब्रिजमध्ये. तिथे लिहिलेला भारताच्या औद्योगिक वाटचालीवरचा प्रबंध १९२४ मध्ये पुस्तकरूपाने आला आणि पुढची कित्येक दशके तो विद्यापीठांत क्रमिक पुस्तकासारखा वापरला गेला. लेखकाचे वय तेव्हा अवघे २३. परतल्यावर मुंबई सरकारच्या अर्थ खात्यात थोडा काळ नोकरी, मग सुरतच्या महाविद्यालयात प्राचार्यपद. १९३० मध्ये रावबहादूर काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत तिथेच राहिले.

या ३६ वर्षांत त्यांनी संस्थेला जी सवय लावली, ती पुढच्या सगळ्या गोष्टी समजून घ्यायला महत्त्वाची आहे. ही सवय होती मोजण्याची. पुण्यात फळे कशी विकली जातात, मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांत मोटारबस वाहतूक कशी चालते, वाई तालुक्यातल्या शेतीचा जमाखर्च काय, पुण्यातली कुटुंबे काय कमावतात आणि कुठे राहतात, असल्या प्रश्नांवर संस्थेचे लोक वह्या घेऊन घरोघर फिरत. धाराशिवच्या शेजारच्या सोलापूर शहराचाही असा अभ्यास झाला. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे नेमका कुणाला किती फायदा झाला, याचा १९४८ मध्ये छापला गेलेला अहवाल तर आजही सिंचनाच्या अभ्यासकांना वाचावा लागतो. धरण बांधले, पाणी आले, प्रगती झाली, इतक्यावर गाडगीळांचे समाधान होत नसे. किती एकर, कोणते पीक, कुणाचे शेत, हे विचारायचे.

प्रवरानगरला एका प्राध्यापकाचे काय काम होते?

धाराशिव जिल्ह्यातल्या वाचकाला गाडगीळांचे नाव नियोजन आयोगापेक्षा साखरेमुळे जवळचे वाटायला हरकत नाही. ढोकीचा तेरणा सहकारी साखर कारखाना हे ज्या साखळीतले एक नाव, तिची पहिली मोठी कडी अहमदनगर जिल्ह्यात लोणीजवळ घडली. कालव्याच्या पाण्यावर ऊस होता. कारखाने खासगी होते आणि भाव कारखानदार ठरवत. विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा स्वतःचा कारखाना काढायचे ठरवले.

अडचण पैशाची होती आणि त्याहून मोठी भरवशाची. गावोगाव फिरून भागभांडवल गोळा करायचे, तर शेतकरी विचारणार की उद्या हा पैसा बुडाला तर जबाबदार कोण. उलट कर्ज देणारे विचारणार की ऊस लावणाऱ्यांना कारखाना चालवता येईल का. दोन्हीकडच्यांना मान्य होईल असा माणूस हवा होता. सहकारी चळवळीतले वैकुंठभाई मेहता पाठीशी उभे राहिले आणि कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले धनंजयराव गाडगीळ. त्यांचा स्वतःचा ऊस नव्हता, त्या भागात राजकारण नव्हते आणि कालव्याच्या टापूची आकडेवारी त्यांना तोंडपाठ होती. १९५०-५१ च्या हंगामात साखर बाहेर पडली. सुरुवातीची अनेक वर्षे गाडगीळ त्या पदावर राहिले. पुण्याहून लोणीला बैठकीला जायचे, ताळेबंद वाचायचा, प्रश्न विचारायचे, परत यायचे.

पुढे महाराष्ट्रात सहकारी कारखान्यांचे जे राजकारण झाले ते सर्वांना माहीत आहे. तेरणाचाही गाळप हंगाम अनेक वर्षे बंद राहिला. पण पहिल्या कारखान्यात हिशेब सर्वांसमोर मांडण्यावर जो भर होता, त्याच पद्धतीचे गाडगीळ पुढे दिल्लीत दिसतात.

टीकाकाराच्याच हाती आयोग कसा गेला?

गाडगीळ दिल्लीला नवखे नव्हते. शेतीकर्जाचा विचार करणाऱ्या १९४४-४५ च्या उपसमितीचे ते अध्यक्ष होते. १९४७ मध्ये वस्तूंच्या किमतींवर सल्ला देणाऱ्या मंडळावर ए. डी. गोरवाला यांच्याबरोबर त्यांनी काम केले. धान्यावरचे नियंत्रण घाईने उठवू नये असे मंडळाचे म्हणणे होते. सरकारने ते डिसेंबर १९४७ मध्ये उठवले, भाव भडकले आणि पुढच्याच वर्षी नियंत्रण परत आणावे लागले. संयुक्त महाराष्ट्र परिषदेने राज्य पुनर्रचना आयोगापुढे जे निवेदन ठेवले, ते तयार करण्यातही गाडगीळांचा मोठा वाटा होता. मराठवाडा, आणि त्याच्याबरोबर उस्मानाबाद जिल्हा, तेव्हा हैदराबाद राज्यात होता. तो मराठी राज्यात यावा ही मागणी त्या कागदांत होती.

नियोजन आयोगावर मात्र ते १९५० च्या दशकापासून टीका करत आले होते. त्यांचा आक्षेप नियोजनाला नव्हता, उलट नियोजन हवेच असे ते मानत. आक्षेप दोन होते. एक, आयोगात मंत्री बसल्यामुळे सल्ला देणारा आणि निर्णय घेणारा एकच होतो, मग चूक कुणाची हे कधीच कळत नाही. दोन, योजनेत मोठमोठे आकडे असतात, पण किमती, साठा, मजुरी, जमीन यांबद्दलचे धोरण नसते. धोरणाशिवाय आकडे म्हणजे इच्छांची यादी.

अशा माणसालाच पद देणे हा इंदिरा गांधींचा धूर्तपणा होता की नाइलाज, यावर मतभेद होऊ शकतात. विश्वास गेलेल्या संस्थेला तिच्या जुन्या टीकाकाराचे नाव उपयोगी पडते, हे मात्र दिसत होते. राज्यसभेचे नामनियुक्त सदस्यत्व आणि पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद मागे ठेवून गाडगीळ दिल्लीला गेले. त्यांच्यासोबत आर. वेंकटरामन (पुढे राष्ट्रपती झालेले), पीतांबर पंत, बी. वेंकटप्पय्या आणि बी. डी. नागचौधुरी असे सदस्य होते. मंत्री जवळपास सगळे बाहेर गेले.

त्यांनी पहिल्यांदा काय केले?

घाई केली नाही. हे सांगण्यासारखे एवढ्यासाठी, की दबाव उलटा होता. नवी योजना लगेच आणा, देशाला दिशा दिसू द्या, असा सूर होता. गाडगीळांनी वार्षिक योजना चालू ठेवल्या, १९६६ चा आराखडा बाजूला ठेवून आकडे नव्याने मांडायला घेतले आणि चौथी योजना १ एप्रिल १९६९ पासून सुरू होईल असे ठरले. सार्वजनिक क्षेत्रासाठी सुमारे १५,९०० कोटी रुपयांची ही योजना होती. १९७१ पर्यंत अमेरिकेच्या सवलतीच्या धान्याची आयात बंद करायची, देशात धान्याचा राखीव साठा उभा करायचा आणि परकीय मदत योजनेच्या अखेरीपर्यंत निम्म्यावर आणायची, अशी उद्दिष्टे तिच्यात होती. महत्त्वाकांक्षा कमी आहे, ही तर बचावात्मक योजना आहे, अशी टीका डावीकडूनही झाली आणि उजवीकडूनही.

राज्यांना पटले ते मात्र दुसऱ्याच गोष्टीने.

गाडगीळ सूत्र म्हणजे नेमके काय?

त्याआधी पैसे कसे मिळत ते पाहू. केंद्राची मदत योजनावार असे. या योजनेला इतके टक्के अनुदान, त्या योजनेला इतके कर्ज, अमुक योजना घेतली तरच तमुक रक्कम. कोणत्या राज्याला एकूण किती, हे अनेक फायलींची बेरीज झाल्यावर कळे. मुख्यमंत्री दिल्लीत किती दिवस तळ ठोकतात आणि कुणाला भेटतात, यालाही किंमत असे. राज्याला मिळालेली रक्कम योग्य की अयोग्य, हे बाहेरच्या माणसाला तपासता येणे शक्यच नव्हते, कारण ताडून पाहायला नियम नव्हता.

गाडगीळांनी राष्ट्रीय विकास परिषदेपुढे, म्हणजे पंतप्रधान आणि सर्व मुख्यमंत्री यांच्यापुढे, नियमच ठेवला. १९६८ मध्ये चर्चा झाली आणि १९६९ मध्ये तो चौथ्या योजनेसाठी लागू झाला. आसाम, जम्मू-काश्मीर आणि नागालँड या राज्यांच्या गरजा आधी बाजूला काढायच्या. उरलेल्या रकमेचे १०० रुपये धरले, तर वाटणी अशी : ६० रुपये लोकसंख्येप्रमाणे. १० रुपये फक्त त्या राज्यांना, ज्यांचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीपेक्षा कमी आहे. १० रुपये उत्पन्नाच्या मानाने राज्य किती कर गोळा करते त्यानुसार. १० रुपये चालू असलेल्या मोठ्या सिंचन आणि वीज प्रकल्पांसाठी. शेवटचे १० रुपये राज्याच्या खास अडचणींसाठी, ज्यात दुष्काळ, पूर, आदिवासी भाग असे विषय येत.

मिळालेल्या मदतीत ३० टक्के अनुदान आणि ७० टक्के कर्ज हे प्रमाणही एकदाच ठरले. आधी बाजूला काढलेल्या तीन राज्यांसाठी ते ९० टक्के अनुदान आणि १० टक्के कर्ज असे होते. शिवाय केंद्राने स्वतःच्या नावाने राज्यांत चालवायच्या, म्हणजे केंद्रपुरस्कृत योजनांची रक्कम राज्य योजनांच्या मदतीच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त नसावी, असेही ठरले.

हे सूत्र आदर्श नव्हते आणि गणिताच्या दृष्टीने ते अगदी साधे आहे. पण त्यात एक गोष्ट झाली. १०० पैकी ९० रुपये कुणाला जाणार हे आयोगाच्या मर्जीवर राहिले नाही. जनगणनेचा आकडा, उत्पन्नाचा आकडा, कराचा आकडा आणि प्रकल्पांची यादी हातात असेल, तर कोणत्याही राज्याचा अर्थसचिव आपला वाटा घरी बसून काढू शकत होता. उरलेल्या १० रुपयांपुरतेच भांडण राहिले. दुसऱ्या शब्दांत, गाडगीळांनी आयोगाची ताकद वाढवून विश्वास मिळवला नाही. आयोगाच्या हातातले अधिकार त्यांनी आपणहून कमी केले. सत्तेवर असताना हे करणारे लोक थोडेच असतात.

सर्व राज्ये खूश होती असे अजिबात नाही. मोठ्या राज्यांना लोकसंख्येचा वाटा आणखी हवा होता, गरीब राज्यांना उत्पन्नाच्या निकषाचे १० टक्के अगदीच तुटपुंजे वाटत होते. पण द्रमुक, मार्क्सवादी, स्वतंत्र पक्ष आणि काँग्रेस अशा चार दिशांच्या मुख्यमंत्र्यांनी एकाच नियमावर मान डोलावली, ही गोष्ट १९६७ च्या वातावरणात घडेल असे कुणी म्हटले नसते.

मग उस्मानाबादला काय मिळाले?

इथे सूत्राची दुसरी बाजू दिसते. महाराष्ट्राची १९६१ ची लोकसंख्या सुमारे ३ कोटी ९५ लाख, देशाची जवळपास ४४ कोटी. म्हणजे ९ टक्के. ६० रुपयांतले ढोबळमानाने ५ रुपये ४० पैसे महाराष्ट्राचे. त्यात उस्मानाबाद जिल्ह्यातला (तेव्हा लातूरही त्यातच होते, वेगळा जिल्हा १९८२ मध्ये झाला) प्रत्येक माणूस मोजला गेला. पण ते पैसे मुंबईत राज्य सरकारकडे जमा झाले. तिथून पुढे कळंबला किती आणि परंड्याला किती, याबद्दल सूत्र गप्प होते.

दरडोई उत्पन्नाच्या १० रुपयांत तर महाराष्ट्राला काहीच नव्हते. कारण मुंबईच्या गिरण्या, कारखाने आणि बंदर धरून राज्याची सरासरी देशाच्या सरासरीपेक्षा वर होती. भूम किंवा तुळजापूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे उत्पन्न या सरासरीत बुडून गेले. सिंचन प्रकल्पांच्या १० रुपयांचेही तसेच. मराठवाड्याचा त्या काळातला सर्वांत मोठा प्रकल्प जायकवाडी, पण त्याचे कालवे धाराशिवपर्यंत येत नाहीत. श्रीमंत राज्यातला गरीब जिल्हा ही सूत्रातली सर्वांत मोठी फट होती.

गाडगीळांना ती दिसत नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. आयुष्यभर तालुक्याच्या पातळीवर मोजणी केलेल्या माणसाला सरासरी काय लपवते हे सांगावे लागत नाही. त्यांच्याच काळात, १९६९ मध्ये, आयोगाने जिल्हा नियोजनाची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांना पाठवली. जिल्ह्यातली साधने मोजा, उणिवा मोजा, मग जिल्ह्याची योजना करा, असा त्यांचा आशय होता. त्याच वर्षी राष्ट्रीय पतपुरवठा परिषदेच्या एका अभ्यासगटाचे अध्यक्ष म्हणून गाडगीळांनी बँकांनाही तेच सांगितले. जुलैमध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. ऑक्टोबरच्या अहवालात त्यांनी सुचवले की बँकांनी शाखा मनाला येईल तिथे न काढता क्षेत्र वाटून घ्यावे आणि त्या भागाची कर्जाची गरज मोजावी. त्यातूनच पुढे रिझर्व्ह बँकेने जिल्हावार अग्रणी बँक योजना आणली. आजही धाराशिवसह प्रत्येक जिल्ह्यात पीककर्जाचे उद्दिष्ट ठरवायला जी बैठक भरते, तिचे मूळ या अहवालात सापडते.

पण तत्त्वे पाठवणे आणि पैसा पाठवणे यांत अंतर असते. राज्याच्या आत जिल्ह्यांमध्ये वाटपाला बंधनकारक सूत्र आयोगाने दिले नाही. तसा अधिकारही त्याच्याकडे नव्हता. मराठवाड्याचा अनुशेष किती, हे अधिकृतपणे मोजले जायला १९८३-८४ ची सत्यशोधन समिती यावी लागली. तिचे अध्यक्ष होते वि. म. दांडेकर, गाडगीळांच्याच गोखले संस्थेत घडलेले.

विश्वास टिकला का?

थोडा टिकला, थोडा नाही. मार्च १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींना प्रचंड बहुमत मिळाले. बहुमत असले की तज्ज्ञांच्या आडोशाची गरज कमी होते. आयोगाची पुन्हा फेररचना झाली आणि उपाध्यक्षपदी मंत्री असलेले सी. सुब्रह्मण्यम आले. मंत्री आणि आयोग यांच्यात गाडगीळांनी घातलेली भिंत चार वर्षेही उभी राहिली नाही. पद सोडून फार दिवस झाले नव्हते, तोच ३ मे १९७१ रोजी गाडगीळांचे निधन झाले. वय ७० वर्षे.

चौथ्या योजनेचेही पुढे बरे झाले नाही. ५.७ टक्के वाढीचे उद्दिष्ट होते, प्रत्यक्षात ३.३ टक्के झाली. बांगलादेश युद्ध, निर्वासितांचा खर्च, १९७२ चा दुष्काळ आणि १९७३ ची तेलाची भाववाढ हे सगळे त्या पाच वर्षांत आले. त्यांनी बचावात्मक धोरण ठेवले ते बरोबर की त्यामुळेच वाढ खुंटली, हा वाद अर्थशास्त्राच्या वर्गात अजून संपलेला नाही. धान्यसाठ्याचा त्यांचा हट्ट मात्र १९७२ मध्ये, मराठवाड्यात विहिरी कोरड्या पडल्या तेव्हा, वायफळ वाटला नसणार.

टिकले ते सूत्र. १९८० मध्ये त्यातला सिंचन-वीज प्रकल्पांचा निकष काढून ते १० टक्के कमी उत्पन्नाच्या राज्यांकडे वळवले गेले, म्हणजे ज्यांच्याकडे आधीच प्रकल्प आहेत त्यांनाच जास्त मिळण्याची खोड गेली. १९९१ मध्ये तत्कालीन उपाध्यक्ष प्रणव मुखर्जी यांच्या काळात आणखी बदल झाले आणि दोघांच्या नावांनी ते ओळखले जाऊ लागले. सरकारे आली आणि गेली, पण सूत्र मोडीत काढावे असे कुणाला वाटले नाही. बदल करायचा तर तो राष्ट्रीय विकास परिषदेत, मुख्यमंत्र्यांसमोरच करावा लागे.

दुसरीकडे केंद्रपुरस्कृत योजनांवरची एक षष्ठांशाची मर्यादा कधीच धुऊन निघाली. दिल्लीच्या नावाने चालणाऱ्या योजना वाढत गेल्या आणि सूत्राने वाटल्या जाणाऱ्या पैशाचे महत्त्व त्या मानाने घटत गेले. सूत्र शाबूत, पण त्यातून जाणारा प्रवाह आटलेला, अशी ती स्थिती होती.

निती आयोगाकडे आता असे काही सूत्र आहे का?

१५ ऑगस्ट २०१४ रोजी नियोजन आयोग बंद करण्याची घोषणा झाली आणि १ जानेवारी २०१५ पासून निती आयोग आला. चौदाव्या वित्त आयोगाच्या शिफारशींनुसार करातला राज्यांचा वाटा ४२ टक्क्यांवर गेला. गाडगीळ सूत्राने वाटली जाणारी योजना मदत २०१५-१६ पासून थांबली. निती आयोगाकडे राज्यांना पैसे वाटण्याचे काम नाही.

आकांक्षित जिल्ह्यांच्या कार्यक्रमात म्हणून पैशाऐवजी क्रमवारी आहे. आरोग्य-पोषण, शिक्षण, शेती-पाणी, आर्थिक समावेशन-कौशल्य आणि पायाभूत सुविधा या पाच विषयांत ४९ निर्देशांक आहेत. देशातल्या ११२ जिल्ह्यांची आकडेवारी दर महिन्याला जमा होते आणि मागच्या वेळेपेक्षा कोण किती पुढे सरकले त्यावर क्रमांक लागतो. गाडगीळांच्या काळात जी फट होती, ती इथे बुजलेली दिसते : मोजायचे एकक राज्य नसून थेट जिल्हा आहे, त्यामुळे मुंबईची सरासरी धाराशिवला झाकत नाही. आकडे मुख्यतः जिल्हा प्रशासनच भरते, आणि म्हणून बाहेरच्या संस्थांकडून त्यांची पडताळणीही करवून घेतली जाते.

फरक उरतो तो एवढाच. १९६९ मध्ये आकडा बदलला की रक्कम बदलत असे आणि ती कुणालाही आधीच काढून पाहता येई. आज धाराशिवचा क्रमांक वर गेला किंवा खाली आला, तर जिल्ह्याच्या तिजोरीत नेमके किती रुपये येतील किंवा जातील, हे २०११ च्या जनगणनेत मोजलेल्या तिथल्या १६ लाख ५७ हजार लोकांपैकी कुणालाही कागदावर मांडून काढता येत नाही. जिल्ह्याच्या रस्त्यांचा, शाळांचा आणि पाझर तलावांचा हिशेब अजूनही राज्याचा अर्थसंकल्प, केंद्राच्या वेगवेगळ्या योजना आणि जिल्हा नियोजन समितीची बैठक यांच्यामध्ये विभागलेला आहे.